माती ओली, झाड तहानलेलं

सुरुवातीलाच एक कबुली देते. माझं सगळं शिक्षण कॉन्व्हेंटमध्ये झालं. मराठी घरी बोलायची आणि शाळेत रोज एका तासापुरती. त्यामुळे 'मराठी विभागासाठी एक तांत्रिक लेख दे' असं मॅडम म्हणाल्या, तेव्हा मी दोन आठवडे त्यांना टाळत होते. मग वाटलं, की जी चूक मी मराठीत केली आणि ज्यांचं नुकसान झालं ते मला मराठीतच बोलले, तिच्यावर इंग्रजीत लिहिण्यात काय अर्थ आहे? ऱ्हस्व-दीर्घ चुकले असतील तर सांभाळून घ्या.

माझं गाव पांढरकवडा. यवतमाळ जिल्हा, तालुका केळापूर, नागपूर-हैदराबाद हायवेवर. बाहेरच्यांना आमचा भाग टिपेश्वरच्या वाघांमुळे माहीत असतो, पण आमच्याकडे घराघरात विषय एकच, तो म्हणजे कापूस. माझे बाबा नोकरी करतात. शेती बघतात ते मोठेबाबा, म्हणजे बाबांचे मोठे भाऊ. पाच एकर, बहुतेक काळी भारी जमीन, एका कडेला थोडी बरड, आणि एक विहीर.

सेकंड इयरला आमच्या ग्रुपने मिनी प्रोजेक्ट केला, 'स्मार्ट इरिगेशन'. तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी तोच केला असेल! दोन दातांचा सॉइल मॉइश्चर सेन्सर, एक अर्डुइनो, एक जीएसएम मॉड्यूल. माती वाळली की मोबाईलवर मेसेज: 'कोरडे'. पाणी घातलं की मेसेज: 'ओले'. कुंडीतल्या तुळशीवर डेमो दिला, पंचवीसपैकी तेवीस मार्क पडले. मी खुशीत तो डबा उचलला आणि मोठेबाबांच्या शेतात नेऊन रोवला.

सप्टेंबरात पावसाने तीन आठवडे दडी मारली. माझा डबा रोज 'कोरडे, कोरडे' म्हणायला लागला. मी होस्टेलवरून फोन केला, पाणी सोडा म्हणून. मोठेबाबा म्हणाले, "झाड अजून उभं हाये बाई. चार दिवस थांबू." मी म्हटलं, "मोठेबाबा, मशीन खोटं बोलत नाही." त्यांनी माझ्या शब्दाखातर दोन रात्री जागून सऱ्यांनी पाणी दिलं. रात्री, कारण लाईट रात्रीची होती.

तिसऱ्या दिवशी कडक ऊन पडलं आणि दुपारी त्यांचा व्हिडिओ कॉल आला. शेताच्या उताराकडच्या पट्ट्यात बोंडांनी लदलेली झाडं माना टाकून उभी होती. "तुयी मशीन त ओलं सांगते, मंग झाड काऊन सुकून रायलं?" मी पाहिलं, पानं लोंबत होती. लोंबणारं पान म्हणजे तहान, एवढंच मला माहीत होतं. मी म्हटलं, "वरून ओलं असेल, खाली मुळांपर्यंत पोचलं नसेल. त्या पट्ट्याला अजून एक पाळी द्या." ते म्हणाले, "पाय रुतून रायला बाई इथं." तरी मी ऐकलं नाही, आणि त्यांनी माझं ऐकलं.

त्या पाऊण एकरात दर तीन झाडांमागे एक झाड गेलं. आठवडाभराने मी घरी गेले तेव्हा मोठेबाबा मला काहीच बोलले नाहीत. फक्त म्हणाले, "होते बाई. मानूस शिकते." रागावले असते तर बरं वाटलं असतं.

आकस्मिक मर

माझा आतेभाऊ अकोल्याला डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठात शिकतो. त्याने एक मेलेलं झाड उपटलं, मूळ पाहिलं, खोड उभं चिरून पाहिलं. मूळ कुजलेलं नव्हतं, खोडाच्या आत तपकिरी रेघा नव्हत्या. म्हणजे बुरशीची मर नाही. "ही आकस्मिक मर," तो म्हणाला. "रोग नाही, कीड नाही. पाणी होतं, पण झाडाला ते घेता आलं नाही."

आकस्मिक मर कपाशीवर येते ती ठरलेल्या परिस्थितीत. आधी पावसाचा मोठा खंड, तापलेली जमीन, कडक ऊन. मग एकदम भरपूर पाणी, पावसाचं असो की विहिरीचं. भारी काळ्या मातीत पाणी लवकर खाली जात नाही. मातीतल्या ज्या पोकळ्यांत हवा असते त्या पाण्याने भरतात. मुळं जिवंत पेशींची बनलेली आहेत, त्यांनाही श्वास घ्यावा लागतो. ऑक्सिजन संपला की त्या पेशींची पाणी आत घेण्याची दारं बंद होतात. ही दारं म्हणजे पेशीच्या पडद्यातली विशिष्ट प्रथिनं. त्यांना ॲक्वापोरिन म्हणतात आणि त्यांच्या शोधासाठी पीटर ॲग्रे यांना २००३ सालचं रसायनशास्त्राचं नोबेल मिळालं. दारं बंद, वरून मात्र ऊन पाणी ओढतंच आहे. जितकं झाड जोमदार आणि जितकी बोंडं जास्त, तितका धोका जास्त. म्हणजे चांगलंच झाड आधी जातं! शिवाय गुदमरलेल्या मुळांमुळे झाडात इथिलीन वायू वाढतो आणि पानं अजून खाली वळतात.

उपाय असतो, पण तो तासांत करायचा असतो. पहिलं, साचलेलं पाणी चर काढून बाहेर काढणं. दुसरं, नागपूरच्या केंद्रीय कापूस संशोधन संस्थेने सांगितलेली कोबाल्ट क्लोराईडची फवारणी, १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्यात फक्त १ ग्रॅम, आणि लक्षणं दिसल्यापासून काही तासांच्या आत. कोबाल्ट इथिलीन तयार होण्याची शेवटची पायरी अडवतो. (हे रसायन विषारी आहे. कृषी अधिकाऱ्यांना विचारल्याशिवाय आणि हातमोज्यांशिवाय हात लावू नका.) आम्ही नेमकं उलटं केलं. बुडणाऱ्याला पाणी पाजलं.

मग मी हट्टाने या विषयामागे लागले. सेन्सर कुठे चुकला, मी कुठे चुकले, आणि झाडाला खरंच तहान लागली आहे का, हे मोजायचं कसं? पुढे जे लिहिलं आहे तो त्या अभ्यासाचा सारांश.

सेन्सर कुठे चुकला?

माझा सेन्सर दोन दातांमधला विद्युतरोध मोजत होता. ओली माती वीज जाऊ देते, कोरडी अडवते. कुंडीतल्या भुसभुशीत मातीत हे ठीक चालतं. पण आमची काळी माती वाळली की आक्रसते आणि भेगाळते. भेग नेमकी दातांजवळून गेली की सेन्सर माती मोजत नाही, हवा मोजतो! दुसरं, माझे दात होते जेमतेम दहा सेंटिमीटर. सप्टेंबरात कपाशीचं मूळ एक मीटरच्याही खाली गेलेलं असू शकतं. वरचा थर कोरडा, खालचा ओला, आणि झाड खालून आरामात पीत होतं. मोठेबाबांचं 'झाड अजून उभं हाये' हे वाक्य माझ्या मशीनपेक्षा अचूक मोजमाप होतं.

तिसरी गोष्ट सगळ्यात महत्त्वाची. मातीत पाणी किती आहे आणि झाडाला ते मिळतंय का, हे दोन वेगळे प्रश्न आहेत. सोसायटीने कर्ज मंजूर केलं म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पैसे आले असं नसतं, तसंच. चिकणमाती पाणी घट्ट धरून ठेवते. ढेकूळ खडखडीत वाळलेलं दिसतं तेव्हाही त्यात पाणी असतं, पण ते झाडाच्या हाती लागत नाही. आणि चिखलात पाणीच पाणी असतं, तेही हाती लागत नाही.

ताण म्हणजे ताणच

'पिकाला ताण पडला' हा शब्द मी लहानपणापासून ऐकत आले. संत्र्याच्या बागेला बहार धरण्यासाठी मुद्दाम पाणी तोडून 'ताण देतात', हेही ऐकलं होतं. मला वाटायचं ताण म्हणजे स्ट्रेस, टेन्शन, परीक्षेच्या आदल्या रात्री येतं ते. पण फिजिक्स वाचल्यावर कळलं की हा शब्द अगदी शब्दशः खरा आहे.

झाडाने मुळातून घेतलेल्या पाण्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पाणी पानांतून वाफ होऊन उडून जातं. पानाच्या पर्णरंध्रांतून पाण्याचा एक रेणू उडाला की तो मागच्या रेणूला ओढतो, तो त्याच्या मागच्याला. मुळापासून पानापर्यंत केसाहून बारीक नळ्यांमधून पाण्याचा एक अखंड दोर ताणलेला असतो. पाण्याचे रेणू एकमेकांना धरून असतात म्हणून तो तुटत नाही. हेन्री डिक्सन आणि जॉन जोली यांनी १८९४ साली डब्लिनमध्ये हा विचार मांडला.

आता आपण इंजिनिअरिंगवाले लोक लगेच म्हणू, की सक्शनने पाणी दहा मीटरच्या वर ओढता येत नाही! बरोबर. म्हणून तर खोल विहिरीत मोटार खाली उतरवावी लागते. पण पंपात पाण्याचा दाब फार उतरला की त्याची वाफ होते आणि दोर तुटतो. झाडाच्या बारीक नळीत तो तुटत नाही, म्हणून तिथे दाब शून्याच्याही खाली, उणे आकड्यात जातो. उणे दाब म्हणजेच ताण. त्याचं माप बारमध्ये. १ बार म्हणजे साधारण वातावरणाचा दाब, कारच्या टायरमध्ये साधारण २ बार असतात. आणि माती इतकी वाळली की पाण्याला १५ बारने ओढावं लागतं, तर बहुतेक पिकं हरतात. त्या पातळीला कायमचा मरगळ बिंदू मानतात. मरगळ येण्याआधीच्या साध्या दुपारी कपाशीच्या पानातही दहा-बारा बारचा ताण सहज असतो. म्हणजे पाच-सहा टायर! आणि आपण त्या झाडाला 'मुकं' म्हणतो.

तेव्हा झाडाची पाण्याची स्थिती मोजणं म्हणजे दोन गोष्टी मोजणं: पानात पाणी किती उरलंय, आणि उरलेल्या पाण्यावर ताण किती आहे. त्याच्या चार रीती खाली देते, फुकट असलेल्यापासून महागापर्यंत.

पहिली रीत: डोळे आणि पेरं

पान लोंबायच्या आधी रंग बदलतो. तजेलदार हिरवा जाऊन निळसर, मळकट हिरवा येतो. खोडाचा लालसरपणा शेंड्याकडे चढतो. हे शेतकऱ्याला दिसतं, आपल्याला दाखवावं लागतं. पण कपाशीत एक मोजता येणारी खूणही आहे. अमेरिकन कपाशीचं फूल पहिल्या दिवशी पांढरट असतं, दुसऱ्या दिवशी गुलाबी होतं. म्हणजे पांढरं फूल दिसलं की ते आजचंच. फळफांदीच्या पहिल्या जागेवर आलेल्या अशा सगळ्यात वरच्या पांढऱ्या फुलापासून शेंड्यापर्यंत मुख्य खोडावर किती पेरं आहेत ते मोजा. फुलं लागायला सुरुवात होते तेव्हा ही पेरं आठ-दहा असतात. वाढ मंदावली की फूल शेंड्याकडे सरकतं. पाचावर आलं की झाडाने नवीन वाढ जवळजवळ थांबवली असं समजतात. हंगाम लवकरचा असूनही हा आकडा भराभर उतरत असेल तर ताण हे एक मोठं कारण असू शकतं. दहा झाडं मोजायला दहा मिनिटं लागतात, खर्च शून्य.

दुसरी रीत: सराफाचा काटा

हिला सापेक्ष जलांश म्हणतात. पानात सध्या असलेलं पाणी हे, ते पान पूर्ण फुगल्यावर जेवढं पाणी मावतं त्याच्या किती टक्के आहे? त्यासाठी पानाच्या चकत्यांची तीन वजनं लागतात: ताजं, फुगलेलं आणि सुकं.

ताज्यातून सुकं वजा करा. फुगलेल्यातून सुकं वजा करा. पहिल्याला दुसऱ्याने भागा, शंभरने गुणा. झालं.

मी हे दिवाळीच्या सुट्टीत गावीच केलं. सायकलच्या दुकानातून पितळी नळीचा तुकडा आणला, कड घासून धारदार केली, त्याने चकत्या पाडल्या. एका ठिकाणच्या चाळीस. चकत्या लगेच झाकणाच्या डबीत, डबी सावलीत, आणि मी स्कूटीवरून थेट बाजारात ओळखीच्या सराफाकडे. सोनं तोलायच्या काट्यावर कपाशीची पानं! तो म्हणाला, "पांढरं सोनं म्हणतात, हे त हिरवंच निघालं." मग चकत्या चार तास ताटलीतल्या पाण्यावर तरंगत ठेवल्या, टिपकागदाने टिपल्या, परत वजन. शेवटी कॉलेजच्या लॅबमधल्या ओव्हनमध्ये ८० अंशावर २४ तास वाळवून तिसरं वजन.

भारी जमिनीतली झाडं: ताजं १.४२ ग्रॅम, फुगलेलं १.६१, सुकं ०.३६. म्हणजे १.०६ भागिले १.२५, जवळजवळ ८५ टक्के.

कडेच्या बरड जमिनीतली झाडं: ताजं १.१८, फुगलेलं १.५८, सुकं ०.३७. म्हणजे ०.८१ भागिले १.२१, साधारण ६७ टक्के.

दोन्हीकडे दुपारी एक ते दोनच्या मध्ये, वरून चौथं पूर्ण उघडलेलं पान. हे पथ्य पाळावंच लागतं, कारण सकाळचं आणि दुपारचं पान सारखं नसतं. साधारणपणे तजेलदार पान ८५ ते ९०च्या आसपास असतं आणि ७०च्या खाली मलूल दिसायला लागतं.

या रीतीची अडचण उघड आहे. उत्तर दुसऱ्या दिवशी येतं आणि तेवढं पान झाडाला गमवावं लागतं. पाणी द्यायचं की नाही हे आज ठरवायचं असेल तर उपयोग कमी. पण दुसऱ्या कुठल्याही यंत्राची परीक्षा घ्यायला ही रीत पक्की.

तिसरी रीत: पानाला उलट दाबणं

हे यंत्र मी चित्रातच पाहिलं आहे, पण त्याची कल्पना मला इतकी आवडली की सांगितल्याशिवाय राहवत नाही. पान देठासकट कापलं की ताणलेला दोर तुटतो आणि देठातलं पाणी आत खेचलं जातं, ताणलेलं रबर सोडल्यासारखं. आता ते पान जाड धातूच्या पेटीत ठेवा, फक्त कापलेला देठ झाकणातून बाहेर. पेटीत नायट्रोजनचा दाब हळूहळू वाढवा. भिंगातून देठाकडे बघत राहा. ज्या दाबाला कापलेल्या टोकावर पाणी चमकतं, तेवढाच ताण कापण्याआधी पानात होता. दाबाने ताणाची फेड!

डिक्सनने हे आधी काचेच्या पेटीत करून पाहिलं होतं, पण काच फुटली. यशस्वी धातूची पेटी आली १९६५ मध्ये, कॅलिफोर्नियातल्या स्क्रिप्स संस्थेतल्या पेर शोलँडर आणि सहकाऱ्यांकडून. उंच झाडांच्या शेंड्याची डहाळी हवी म्हणून त्यांनी बंदुकीने नेम धरून ती पाडली होती! कॅलिफोर्नियात कपाशीला पाणी कधी द्यायचं हे या पेटीवरून ठरवण्याची पद्धत बसली आहे. तिथे भर दुपारी पानातला ताण साधारण १५ ते १८ बारवर गेला की पाण्याची वेळ झाली असं मानतात. हे आकडे उचलून पांढरकवड्याला लावता येणार नाहीत. तिथलं ओलित वेगळं, वाण वेगळे, हवा वेगळी. शिवाय नायट्रोजनचा सिलिंडर घेऊन सरीतून फिरणं मोठेबाबांना जमणारं नाही.

चौथी रीत: झाडाला ताप आहे का?

ही मला सगळ्यात जवळची वाटली, कारण ती आमच्या ब्रँचची आहे. माठातलं पाणी जसं पाझरून थंड होतं, तसंच पान वाफ सोडून स्वतःला थंड ठेवतं. पाणी कमी पडलं की झाड पर्णरंध्रं मिटतं. घाम बंद, पान गरम. १९८१ साली ॲरिझोनात शेरवूड इड्सो, रे जॅक्सन आणि सहकाऱ्यांनी यावरून पिकाच्या जलताणाचा निर्देशांक बनवला. आता तर २०१८ मध्ये अंतराळस्थानकावर बसवलेलं 'इकोस्ट्रेस' हे उपकरण वरून जमिनीचं तापमान मोजतं. त्याचा एक ठिपका म्हणजे साधारण ७० मीटर, मोठेबाबांच्या अख्ख्या शेतात असे चारच ठिपके मावतील.

जमिनीवरून मोजायला इन्फ्रारेड थर्मामीटर पुरतो. २०२० नंतर कपाळाला लावायची ती गन घरोघरी आली, पण ती चालत नाही. ती कपाळाच्या तापमानावरून शरीराचा ताप काढून दाखवते, पृष्ठभागाचा खरा आकडा देत नाही. कारखान्यात वापरतात ती गन घ्या. २०-२५ सेंटिमीटरवरून धरा, नाहीतर ती पानाऐवजी तापलेली माती बघते.

नुसता आकडा मात्र फसवतो. ढगाळ दमट दिवशी पान आणि हवा यांत फरकच पडत नाही, कोरड्या उन्हात खूप पडतो. म्हणून दोन टोकं लागतात: 'पूर्ण पाणी असतं तर' आणि 'अजिबात पाणी नसतं तर'. यासाठी एक सोपी युक्ती आहे. शेजारचं एक पान पाण्याने ओलं करा, हे थंड टोक. दुसऱ्या पानाला दोन्ही बाजूंनी व्हॅसलीन फासा म्हणजे रंध्रं बुजली, हे गरम टोक. आपलं पान या दोघांच्या मध्ये कुठे बसतं ते काढा.

माझे आकडे, त्याच दुपारचे: ओलं पान २६.५ अंश, व्हॅसलीनचं ३५.५. फरक ९. भारी जमिनीतलं पान २८.३, म्हणजे १.८ भागिले ९, निर्देशांक ०.२. बरड जमिनीतलं पान ३२, म्हणजे ५.५ भागिले ९, निर्देशांक ०.६१. शून्य म्हणजे निवांत, एक म्हणजे पूर्ण बंद.

सराफाचा काटा आणि ही गन, दोघांनी एकच साक्ष दिली. काट्याला दोन दिवस लागले, गनला दोन मिनिटं.

चार घरं

आता माझी चूक परत पाहू. समजा मोठेबाबांकडे त्या वेळी हीच गन असती. आकस्मिक मर आलेल्या झाडाचं पान तिने गरमच दाखवलं असतं. काट्यावरही पाणी कमी भरलं असतं. कारण ते झाड खरोखरच तहानलेलं होतं! फक्त झाडाला विचारून मी पुन्हा हेच म्हटलं असतं, की पाणी द्या.

म्हणून या सगळ्या अभ्यासातून माझ्या हाती एकच गोष्ट लागली: एकाची साक्ष पुरत नाही. मातीला विचारा आणि झाडालाही विचारा. मग चार घरं होतात.

१. माती ओली, झाड निवांत: काही करू नका.

२. माती वरून कोरडी, झाड निवांत: थांबा. मूळ खालून पितंय. विहिरीचं पाणी वाचवा.

३. माती कोरडी, झाड तहानलेलं: पाणी द्या. खंड मोठा असेल तर एकदम तुंबवू नका, सरीआड सरी, हलकं द्या.

४. माती ओली, झाड तहानलेलं: पाणी बंद! मूळ गुदमरलंय किंवा आजारी आहे. चर काढा, मूळ उपटून पाहा, जाणकाराला बोलवा.

माझा मिनी प्रोजेक्ट पहिल्या फोनला दुसऱ्या घरात होता आणि मी त्याला तिसरं समजले. दुसऱ्या फोनला तो चौथ्या घरात होता आणि मी परत तिसरंच समजले. सेन्सर पन्नास रुपयांचा होता म्हणून नुकसान झालं नाही. पाच हजारांचा असता तरी हेच झालं असतं, कारण मी प्रश्नच अर्धा विचारला होता.

मातीला विचारायला मी आता दहा सेंटिमीटरचा काटा वापरत नाही. सब्बलीने हात-दीड हात खोल खड्डा करून तिथली माती मुठीत दाबून बघायची, गोळा होतो की फुटतो. मोठेबाबा हे आधीपासून करतात.

दिवाळीच्या त्या दुपारी आम्ही दोघांनी मिळून निर्णय घेतला. बरड कडेला माती खोलवर कोरडी आणि झाड तापलेलं, म्हणजे तिसरं घर. तिथे सरीआड सरी पाणी दिलं. भारी जमिनीत वरून कोरडं, पण हातभर खाली गोळा होत होता आणि पान थंड, म्हणजे दुसरं घर. मी वहीत बघून म्हटलं, "इथं आठ दिवस थांबू." मोठेबाबा बांधावर बसले होते. म्हणाले, "मी त पयलेच म्हनलं होतं." आणि हसले.

एका सुट्टीतली ही दोन ठिकाणची मोजमापं आहेत, यावरून कोणी सिद्धान्त मांडू नये. वेगवेगळ्या वाणांवर आणि ढगाळ दिवसांत किती चालतं ते बघायचं आहे. फायनल इयरला मी हाच विषय घेणार आहे: खोल मातीचा सेन्सर आणि पानाचं तापमान, दोन्ही एकत्र, आणि मेसेज 'पाणी द्या' असा नाही तर चारपैकी कुठलं घर ते सांगणारा. ज्युनिअर्सपैकी कोणाला यात यायचं असेल तर जरूर भेटा. अट एकच. डेमो कुंडीतल्या तुळशीवर द्यायचा नाही. पांढरकवड्याला यायचं, आणि मशीन काय म्हणते ते बघायच्या आधी मोठेबाबा काय म्हणतात ते वहीत लिहायचं.